सांधा वाळेपर्यंत

सप्टेंबर संपत आला की बडोद्यातल्या घरांत कामांची घाई उडते. पाऊस नुकताच ओसरलेला असतो, नवरात्र तोंडावर असते आणि पाठोपाठ दिवाळी येणार असते. दिवाणखान्याच्या छतावर पडलेला पिवळा डाग, जिप्समच्या दोन बोर्डांमधली उघडी पडलेली फट, वरच्या मजल्यावरच्या बाथरूमखाली फुगून आलेला भाग, हे सारे सणाआधी नाहीसे व्हावे असे प्रत्येकाला वाटते. ठेकेदार दोन माणसे पाठवतो. एका दिवसात भेग बुजते, दुसऱ्या दिवशी रंग लागतो, तिसऱ्या दिवशी पैसे चुकते होतात. महिन्या-दोन महिन्यांत त्याच जागी केसासारखी रेघ उमटते, नव्या तुकड्याची चौकट रंगाखालून वर येते किंवा डाग पुन्हा डोकावतो. घरमालक म्हणतो, कारागीर कच्चा होता. ठेकेदार म्हणतो, तुमची इमारतच हलते. दोघांच्याही बोलण्यात थोडे तथ्य असू शकते, पण अशा बहुतेक बिघाडांचे मूळ व्यवहारात असते. छताची दुरुस्ती म्हणजे मुख्यतः थांबण्याचे काम: पाणी कुठून येते ते कळेपर्यंत थांबणे, स्लॅब कोरडा होईपर्यंत थांबणे, सांध्याचा एक थर वाळल्याशिवाय दुसरा न लावणे. आपण मात्र ती चौरस फुटांनी मोजून विकत घेतो आणि सणाच्या तारखेला बांधून टाकतो. जे विकत घ्यायला हवे त्याचा सौद्यात उल्लेखच नसतो, म्हणून ते मिळत नाही. बिघडलेल्या दुरुस्तीचे काय करायचे, हे ठरवतानाही इथूनच सुरुवात करावी लागते.

जुन्या घरांत हा प्रश्न वेगळ्या रूपात होता. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा हा एकोणिसाव्या शतकात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा चार मजली लाकडी वाडा. तो आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे आणि त्याच्या भिंतींवरच्या चित्रांसाठी ओळखला जातो. मराठी वाड्यांच्या या परंपरेत छत म्हणजे तुळया आणि त्यांच्यावर अंथरलेली तक्तपोशी. आधार डोळ्यांना दिसे आणि पाणी झिरपले तर नेमकी कोणती फळी काळवंडली तेही दिसे. काँक्रीटच्या स्लॅबखाली लोंबते छत आले तेव्हा तारा, पाइप, एसीची नळी आणि ओबडधोबड कडा झाकल्या गेल्या. त्याबरोबर दोषाची जागाही झाकली गेली. स्लॅबमधून झिरपलेला थेंब सांगाड्याच्या पट्टीवरून सरकत जातो आणि जिथे बोर्डाला वाट मिळते तिथे उतरतो. म्हणून खोलीच्या मध्यभागी दिसणाऱ्या डागाचे मूळ चार फुटांवरच्या भिंतीपाशी असू शकते. डाग दिसला ती जागा कापून नवा तुकडा बसवणारी दुरुस्ती अनेकदा फसते, याचे पहिले कारण हे.

दुसरे कारण जिप्समच्या स्वभावात आहे. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्याच्या स्फटिकात वजनाच्या सुमारे एक-पंचमांश पाणी रासायनिक बंधाने अडकलेले असते. आपल्या देशात त्याचे मोठे साठे राजस्थानात, बिकानेर, नागौर आणि जैसलमेरच्या परिसरात आहेत. हा दगड सुमारे दीडशे अंश सेल्सिअसपर्यंत भाजला की त्यातले तीन-चतुर्थांश पाणी निघून जाते आणि उरते ती पांढरी भुकटी, प्लास्टर ऑफ पॅरिस, म्हणजेच आपले पीओपी. तिच्यात पाणी घातले की ती गेलेले पाणी परत घेते आणि काही मिनिटांत पुन्हा दगड बनते. इथेच एक गैरसमज रुजतो. एक किलो शुद्ध पीओपीला रासायनिक क्रियेसाठी दोनशे ग्रॅमहून कमीच पाणी लागते, पण हाताने पसरता येईल असा लगदा करायचा तर त्याच्या तिप्पट किंवा त्याहूनही जास्त पाणी घालावे लागते. हे जादा पाणी नंतर हवेत उडून जायला हवे. म्हणजे पीओपी घट्ट होणे वेगळे आणि वाळणे वेगळे. घट्ट व्हायला मिनिटे लागतात, वाळायला दिवस लागतात आणि दमट हवेत ते दिवस वाढतात. बोटाला कडक लागले म्हणून त्यावर लगेच पुट्टी आणि रंग चढवला तर आतले पाणी बाहेर पडताना रंगाचा पापुद्रा उचलते. घमेल्यात घट्ट होऊ लागलेल्या पीओपीत पुन्हा पाणी घालून ते वापरण्याची सवयही अशीच घातक आहे. एकदा जुळू लागलेले स्फटिक मोडले की नव्याने तेवढ्या ताकदीने जुळत नाहीत, आणि असा भरलेला सांधा नखानेही उकरता येतो.

जिप्सम बोर्ड हे याच पदार्थाचे कारखान्यात घडवलेले रूप आहे. अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट याने १८९४ मध्ये कागद आणि प्लास्टर यांचे थर एकत्र करून केलेल्या पाटीचे पेटंट घेतले, आणि तिच्या पुढच्या सुधारणांतून ड्रायवॉल जगभर पसरली. आपल्याकडे छतासाठी सहसा १२.५ मिमी जाडीचा बोर्ड वापरतात. चार फूट बाय सहा फुटांचा एक बोर्ड साधारण वीस किलोंच्या आसपास भरतो. तो ज्यावर टांगलेला असतो तो सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांचा असतो: भिंतीलगत पेरिमीटर चॅनल, स्लॅबमधून लोंबकळणाऱ्या पट्ट्यांना जोडलेले इंटरमीडिएट चॅनल साधारण १२२० मिमी अंतराने, आणि त्यांच्या खाली आडव्या सीलिंग सेक्शन साधारण ४५० मिमी अंतराने. बोर्ड या शेवटच्या पट्ट्यांना २५ मिमीच्या स्क्रूने, साधारण २३० मिमीवर एक, असा कसलेला असतो. हे आकडे गृहिणीनेही लक्षात ठेवण्याजोगे आहेत, कारण कामाचा कस त्यांवरूनच कळतो. कापलेल्या भोकात नवा तुकडा बसवताना त्याच्या चारही कडांमागे धातूची पट्टी हवी. ती नसेल तर तुकडा केवळ पुट्टीच्या चिकटपणावर तरंगत राहतो. पंखा फिरतो, दार आपटते, वरच्या मजल्यावर कोणी पलंग सरकवतो, आणि प्रत्येक हादऱ्याला ती कड किंचित हलते. भेग तिथेच पडणार, मग वरून पुट्टीचे तीन थर दिले काय आणि दहा दिले काय.

बडोद्याच्या हवामानात या हालचालींना आणखी एक कारण आहे. मे महिन्यात इथला पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि गच्चीचा स्लॅब हवेहूनही जास्त तापतो. काँक्रीट दर अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे एक-लक्षांश इतके प्रसरण पावते. हिशेब केला तर दहा मीटर लांबीचा स्लॅब तीस अंशांच्या फरकाने सुमारे तीन मिमी लांबतो आणि पुन्हा आखडतो. गच्चीवर पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे बसवण्याची गुजरातेतली पद्धत पाणी आणि ऊन दोन्ही अडवण्यासाठी आहे. मोझॅक फुटका असेल तर स्लॅब तापतोही आणि पितोही. म्हणून ‘इमारत हलते’ हे ठेकेदाराचे म्हणणे खोटे नाही. पण ते त्याला दोषमुक्त करत नाही, कारण इमारत हलते हे धरूनच छत बांधायचे असते. बोर्डांच्या सांध्यावर कागदी टेप बसवतात ती याचसाठी. प्लास्टर दाब सहन करते, ताण सहन करत नाही. तो ताण टेप घेते. टेप न लावता नुसत्या पुट्टीने बुजवलेला सांधा म्हणजे सळईविना ओतलेले काँक्रीट. भिंत गुळगुळीत करण्यासाठी बनवलेली पांढऱ्या सिमेंटची पुट्टी सांधा भरायला वापरली तरी परिणाम तोच, कारण ती कडक आणि ठिसूळ असते आणि सांध्याची हालचाल तिला झेपत नाही.

पण टेपच्याही आधी पाण्याचा प्रश्न सुटायला हवा. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिमी पाऊस कोसळला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी धोक्याची पातळी ओलांडून शहरात शिरली. अशा दिवसांत गच्चीवरची प्रत्येक बारीक भेग आणि पावसाच्या पाइपाचा प्रत्येक सैल जोड उघडा पडतो. भिजलेल्या जिप्समची ताकद झपाट्याने घटते आणि बोर्डावरचा कागद बुरशीला अन्न ठरतो. ओल एक-दोन दिवसांहून जास्त राहिली की बुरशीची भीती सुरू होते. अशा ओल्या, लोंबलेल्या बोर्डाला वाळवून रंगवणे ही दुरुस्ती नव्हे. तो भाग कोरड्या, टणक बोर्डापर्यंत कापून काढावा लागतो. पाण्याचे मूळ शोधण्याच्या रीती साध्या आहेत. गच्चीची शंका असेल तर पाणी जायच्या वाटा बंद करून एक-दोन दिवस दोन-तीन सेंटीमीटर पाणी साठवून खाली लक्ष ठेवायचे. वरच्या बाथरूमची शंका असेल तर नहाणी ट्रॅप बंद करून रंग मिसळलेले पाणी साठवायचे. पाण्याच्या लाइनची शंका असेल तर सगळे नळ बंद करून मीटर फिरतो का ते पाहायचे. स्लॅब कोरडा झाला का हे जाणण्यासाठी दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक त्याच्या खालच्या अंगाला चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून किमान सोळा तास ठेवायचे. आतून दव धरले किंवा त्या जागेचा रंग गडद झाला तर ओल अजून आत आहे. या चाचण्यांना पैसे जवळजवळ लागत नाहीत. लागतात ते दिवस, आणि सौद्यात नेमके तेच नसतात.

आता व्यवहाराकडे पाहू. नव्या छताचा भाव चौरस फुटावर ठरतो आणि तिथे ते योग्यच आहे, कारण शेकडो चौरस फुटांच्या कामात वाळण्याचा वेळ वाया जात नाही. एक खोली वाळेपर्यंत कारागीर दुसऱ्या खोलीत काम करतो. दुरुस्तीत हे उलटते. चार चौरस फुटांच्या तुकड्याला प्रत्यक्ष हाताचे काम दोन-तीन तासांचेच असते, पण ते नीट करायचे तर चार-पाच वेळा यावे लागते: उघडून पाहायला, पट्टी आणि बोर्ड बसवायला, टेप आणि पहिल्या थराला, आधीच्यापेक्षा रुंद पसरलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या थराला, आणि घासून प्रायमर लावायला. शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाच फेऱ्या मारायच्या आणि पैसे मात्र चार चौरस फुटांचे, हे कोणत्याही कारागिराला परवडणारे नाही. म्हणून तो पाच फेऱ्यांचे काम एका फेरीत उरकतो. त्याला अप्रामाणिक म्हणण्याआधी हे गणित समजून घेणे न्यायाचे आहे. त्यातूनच उपायही निघतो. दुरुस्ती क्षेत्रफळावर न देता अंगावर द्यावी आणि तिचा भाव फेऱ्या धरून ठरवावा. किती टप्पे, दोन टप्प्यांत किमान किती अंतर, प्रत्येक टप्प्यानंतर घरमालकाने काय पाहायचे, हे आधी लिहून घ्यावे. तयार सांधा-मसाल्याच्या प्रत्येक थराला कोरड्या हवेत साधारण एक दिवस आणि दमट हवेत त्याहून जास्त, हा अंदाज धरून वेळापत्रक आखले तर सणाची तारीख पुढे ढकलावी लागेल हे दोघांनाही आधीच कळते.

यावर पहिला आक्षेप असा की हे सारे फार झाले. छत टिकले म्हणजे पुरे, थोडा उंचवटा दिसला तर काय बिघडले? आक्षेपातला अर्धा भाग मान्य करावा लागतो, कारण प्रत्येक सावली म्हणजे दोष नव्हे. अमेरिकेत जिप्सम बोर्डाच्या अंतिम कामाच्या शून्य ते पाच अशा पातळ्या ठरवलेल्या आहेत. झाकल्या जाणाऱ्या जागेला खालची पातळी चालते. चकचकीत रंग किंवा पृष्ठभागाला घासून जाणारा प्रकाश असेल तिथे सगळ्या पृष्ठभागावर पातळ थर देऊन पाचवी पातळी गाठावी लागते. आपल्याकडे याचे महत्त्व जास्त आहे, कारण छताच्या कडेने लपवलेली एलईडीची पट्टी हा आता दिवाणखान्याचा नेहमीचा भाग झाला आहे. हा प्रकाश छताला जवळजवळ समांतर जातो, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटाही लांब सावली टाकतो. तेव्हा न्यायाची कसोटी अशी असावी: दोष शोधताना बॅटरी छताला टेकवून पाहावे, पण दोष ठरवताना खोलीतले रोजचे दिवे लावून, जमिनीवर उभे राहून पाहावे. सहा फुटांची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी सांध्यावर आडवी धरून तिच्याखालची फट मोजावी आणि किती फट चालेल हे कामाआधी लिहून ठेवावे. असे मोजमाप ठेकेदारालाही उपकारक आहे, कारण मग घरमालकाला केवळ मन भरत नाही म्हणून पैसे अडवता येत नाहीत. मात्र पुन्हा पडलेली भेग, हलणारी कड, वर आलेली स्क्रूची डोकी आणि परतलेला डाग हे दिसण्याचे प्रश्न नाहीत. ती आत काहीतरी चुकल्याची लक्षणे आहेत. एखादा भाग लोंबू लागला असेल तर त्याखालचा वावर बंद करून, त्या छतातल्या दिव्यांचा एमसीबी खाली पाडून मगच पुढचा विचार करावा.

काम बिघडल्याचे ध्यानात आले की पहिला मोह असतो तो दुसऱ्या माणसाला बोलावून वरून आणखी एक थर देण्याचा. तो आवरायला हवा. नवा थर दोष झाकतो आणि पुरावाही झाकतो. आधी दिवसाच्या आणि दिव्याच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी धरून छायाचित्रे घ्यावीत. भेगेच्या दोन टोकांवर पेन्सिलीने तारीख टाकावी म्हणजे ती वाढते का ते कळेल. तुकड्यावर तळहाताने हलके दाबून तो दबतो का पाहावे. लहान चुंबक सरकवत नेला की पत्र्याच्या पट्ट्या आणि स्क्रू कुठे आहेत ते कळते, आणि तुकड्याच्या कडेमागे आधार आहे की नाही हे छत न फोडताच उमगते. शक्य असेल तर दिव्याचे भोक मोकळे करून मोबाइलच्या कॅमेऱ्याने आत पाहावे. त्यानंतर ठेकेदाराला बोलवावे आणि त्याच्याशी कारागिरीवर वाद न घालता तीन प्रश्न विचारावेत: पाणी थांबले हे तुम्ही कसे पडताळले? या कडांमागे पट्टी कुठे आहे? सांध्यात टेप आहे का, आणि थरांमध्ये किती वेळ गेला? या प्रश्नांना ठोस उत्तरे देणारा ठेकेदार दुरुस्ती पुन्हा करण्याच्या लायकीचा आहे. प्रश्नच टाळून ‘रंग मारून देतो’ म्हणणाऱ्याकडून पुन्हा तेच मिळेल. आधीच्याच माणसाला एक संधी द्यावी का, हा प्रश्न अनेकांना पडतो. द्यावी, पण लेखी आणि मुदत घालून. ते सौजन्याचे आहे आणि पुढे तक्रार करण्याची वेळ आली तर उपयोगाचेही आहे, कारण सेवा देणाऱ्याला दोष दूर करण्याची वाजवी संधी दिली होती हे त्यातून सिद्ध होते.

पुन्हा करायच्या कामाचे स्वरूपही नेमके सांगता यायला हवे. खराब भाग आयताकृती कापून काढायचा आणि कापाच्या रेषा शक्यतो सीलिंग सेक्शनच्या मध्यावर घ्यायच्या. जिथे पट्टी नाही तिथे पट्टीचे नवे तुकडे जोडायचे. त्याच जाडीचा बोर्ड बसवायचा. स्क्रूची डोकी कागदात किंचित दबतील पण कागद फाडणार नाहीत इतपत कसायची. कागद फाटला की त्या स्क्रूची पकड गेली. सांध्यात मसाला भरून त्यात कागदी टेप हवेचा बुडबुडा न ठेवता दाबायची आणि पुढचे थर आधीच्याहून रुंद पसरत न्यायचे, म्हणजे उंचवटा डोळ्यांना जाणवणार नाही इतका पातळ होत जातो. घासताना उडणारी धूळ फुप्फुसांसाठी वाईट असते, म्हणून कारागिरांना मास्क द्यावा आणि खोलीतल्या लहान-थोरांना बाजूला ठेवावे. जुना डाग उरला असेल तर त्यावर डाग अडवणारा प्रायमर लागतो. साध्या पाण्याच्या रंगातून तो पिवळेपणा पुन्हा वर येतो. शेवटी रंग तुकड्यापुरता न लावता छताच्या त्या सबंध पातळीला, कडेपासून कडेपर्यंत लावायचा, नाहीतर चमकेतल्या फरकामुळे चांगली दुरुस्तीही ठिगळासारखी दिसते.

दुसरा आक्षेप असा की एवढी तांत्रिक भाषा परदेशी घरांची आहे आणि आपल्याकडच्या कारागिरीला ती लागू होत नाही. हे खरे नाही. जिप्सम बोर्डांसाठी भारतीय मानक आहे, आयएस २०९५, आणि बोर्डाच्या पाठीवर त्याचा छापही पाहायला मिळतो. बडोद्यासारख्या शहराला तर हा आक्षेप मुळीच शोभत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये इथे कलाभवन उघडले ते हाताच्या कामाला शास्त्राची जोड मिळावी म्हणूनच. आज ती परंपरा महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी विद्याशाखेत चालू आहे. रेसकोर्सवर गुजरात इंजिनिअरिंग रिसर्च इन्स्टिट्यूट बांधकामाच्या साहित्याची तपासणी करते. शिवाय घट्ट होणे आणि वाळणे यांतला फरक, ताण टेपने घेणे, कडेमागे आधार देणे या गोष्टींना देश नसतो. पीओपीच्या जुन्या कामात काथ्या भिजवून घालणारे कारागीर हेच तत्त्व जाणत होते; काथ्याचे तंतू तिथे टेपचेच काम करत. आपल्या कारागिराला ज्ञान नाही असे मानणे त्याचा अपमान आहे. ते वापरायला त्याला वेळ मिळत नाही, ही खरी अडचण आहे.

बोलून प्रश्न सुटला नाही तर कायदा सोबत आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यातल्या ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत घरबांधणी स्पष्टपणे येते. लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच घरबांधणी ही सेवा ठरवली होती. पैसे घेऊन छत दुरुस्त करणाऱ्याने काम नीट केले नाही तर ती सेवेतली त्रुटी ठरू शकते. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातही ती करता येते, ऑनलाइन दाखल करता येते, आणि रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर त्याआधी सल्ला आणि मध्यस्थी मिळू शकते. फ्लॅट नवा असेल आणि गळती मूळ बांधकामातलीच असेल तर प्रश्न छताच्या ठेकेदाराचा राहतच नाही. रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत दाखवून दिलेला बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष विकासकाने तीस दिवसांत, विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. असे असताना घरमालक स्वतःच्या खर्चाने दरवर्षी तोच डाग रंगवत राहतात, कारण मूळ शोधलेलेच नसते. निदान नीट झाले की जबाबदार कोण तेही कळते.

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे: काही हजारांच्या कामासाठी आयोगाकडे कोण जाणार? कायद्याने निकालाचे उद्दिष्ट तीन महिन्यांचे, आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांचे ठेवले असले तरी प्रत्यक्षात त्याहून जास्त काळ जातो. आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच तक्रार हा शेवटचा उपाय मानून खरा भर कराराच्या वेळी द्यायला हवा. ज्या कागदामुळे आयोगापुढे बाजू भक्कम होते, तोच कागद असला की बहुतेक वेळा आयोगापर्यंत जावे लागत नाही. टप्पे लिहिलेले असले, प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र असले, पैसे टप्प्यांनुसार दिलेले असले, तर वाद कशावर करायचा हेच उरत नाही. कोणी म्हणेल की असा कागद मागितला तर लहान कारागीर कामच घेणार नाही. मात्र त्याच कागदात त्याच्या पाच फेऱ्यांचे पैसे लिहिलेले असतील तर तो का नाकारेल? आजवर त्याच्याकडून फुकट वेळ मागितला जात होता; इथे त्या वेळेला भाव मिळतो आहे. स्वस्त दुरुस्ती दर पावसाळ्यानंतर पुन्हा करावी लागत असेल तर तीन वर्षांत ती महाग पडते, हा हिशेब कोणत्याही घरात मांडता येतो.

या साऱ्यातून एक सोपी अट सुचते. छताच्या दुरुस्तीची सगळी रक्कम रंग वाळला त्या दिवशी देऊ नये. एक-दशांश भाग पुढचा पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवावा आणि ते ठेकेदाराशी आधीच ठरवून लिहावे. मोठ्या बांधकामांत अशी रक्कम राखण्याची पद्धत रूढ आहे. घरगुती कामात ती यायला काहीच हरकत नाही. दिवाळीत प्रत्येक छत सुंदर दिसते. मे महिन्याच्या उन्हात स्लॅब लांबून आखडला, जुलै-ऑगस्टच्या झडीत गच्ची भिजली, आणि त्यानंतरही सांध्यावर रेघ उमटली नाही, तेव्हाच दुरुस्ती पुरी झाली असे म्हणता येते. त्या दिवशी राखलेली रक्कम ठेकेदाराच्या हाती आनंदाने द्यावी आणि पुढच्या कामाला त्यालाच बोलवावे. पाण्यासाठी, स्लॅबसाठी, सांध्यासाठी थांबायला तयार असलेला माणूस मिळाला, तर त्या थांबण्याचे मोल देण्याची जबाबदारी आपली आहे.